घेणाऱ्याने बोलून दाखवावे

१९७७ साली मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी' आला आणि ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून स्वतःचे नाव सांगणारा अमिताभ घराघरांत पोचला. ते गाणे आजही लग्नात, फेस्ताच्या रात्री, गणपतीच्या आरासीपुढे सगळीकडे वाजते. पण त्या गाण्यातला अँथनी गोन्साल्विस हा निव्वळ कल्पनेतला माणूस नव्हे, हे गोव्यातही पुष्कळांना उशिराच कळले. अँथनी गोन्साल्विस आमच्याच सासष्टीतले, माजोर्ड्याचे. जन्म १९२७चा. वडील गावच्या इगर्जीत गायकवृंद सांभाळणारे. अँथनी मुंबईला गेले, १९४३ साली नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले, पुढे वाद्यमेळ रचणारे म्हणून नावारूपाला आले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला एक मुलगा येत असे. तो पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला प्यारेलाल झाला. चित्रपटातल्या नायकाचे आडनाव आधी दुसरेच ठरत होते, असे सांगतात. प्यारेलालनी तिथे आपल्या गुरूचे नाव घातले.

एका हिंदू शिष्याने आपल्या ख्रिस्ती गुरूचे ऋण असे साऱ्या देशाच्या तोंडी घातले. ही गोष्ट मला फार आवडते. आवडते म्हणण्यापेक्षा ती मला विचार करायला लावते.

आपल्या मराठीत 'उपकार बोलून दाखवणे' हा वाक्प्रचार आहे. तो वाईट अर्थानेच वापरला जातो. कुणी आपल्यासाठी काही केले आणि चारचौघांत सांगत सुटला, की आपण म्हणतो, "केले खरे, पण बोलून दाखवले." ते बरोबरच आहे. देणाऱ्याने बोलून दाखवू नये. पण घेणाऱ्याचे काय? घेणाराही गप्प बसला, तर ते देणे झाले होते याला पुरावा कोणता? म्हणून मला वाटते की देणाऱ्याने बोलून दाखवू नये आणि घेणाऱ्याने बोलून दाखवल्याशिवाय राहू नये. शिक्षकांच्या बाबतीत तर नक्कीच. आणि शिक्षकाविषयीच्या कृतज्ञतेचा ख्रिस्ती परंपरेतला जो इतिहास आहे, त्याचा गाभाही मला नेमका इथेच दिसतो.

आपण हिंदू घरांत वाढलेले. आपल्याकडे गुरूला देवाच्या पंक्तीला बसवण्याची चाल आहे. आषाढातल्या पौर्णिमेला आपण गुरूची पूजा करतो, पाय धुतो, फुले वाहतो. शेजारच्या ख्रिस्ती घरात हे दिसत नाही. म्हणून 'त्यांच्याकडे गुरूचे एवढे काही नसते' असा एक समज आपल्यात आहे. तो पुरता खरा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की, तुम्ही स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे एकमेकांचे भाऊ आहात. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने 'दे माजिस्त्रो', म्हणजे 'गुरूविषयी', नावाचा एक संवाद लिहिला. त्यात तो आपल्या मुलाशी, अदेओदातुसशी बोलतो आहे. त्याचेही सांगणे हेच की, बाहेरचा शिक्षक शब्दांनी खूण करतो, खरे आत उमटवणारा गुरू वेगळाच असतो.

मग माणसाच्या रूपातल्या शिक्षकाला स्थान कुठले? तो देव नाही, म्हणून त्याची पूजा नाही. पण तो देवाने धाडलेला माणूस आहे, म्हणून त्याच्यासाठी देवाचे आभार मानायचे आणि त्याच्याविषयी लोकांत साक्ष द्यायची. 'साक्ष' हा ख्रिस्ती माणसाचा मोठा शब्द आहे. जे पाहिले, जे मिळाले, ते लोकांसमोर उभे राहून सांगणे. शिवाय व्यवहारही सोडलेला नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की, ज्याला शिकवले जाते त्याने शिकवणाऱ्याला आपल्याजवळच्या चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा. नुसत्या नमस्कारावर शिक्षकाचे घर चालत नाही, हे पौलाला ठाऊक होते. तो स्वतः तंबू शिवून पोट भरीत असे.

या पौलाचीच एक साक्ष पाहण्यासारखी आहे. यरुशलेमच्या मंदिरात जमाव त्याच्यावर धावून आला होता. रोमन शिपायांनी त्याला कसेबसे बाहेर काढले. तेव्हा पायऱ्यांवर उभा राहून तो त्या चिडलेल्या लोकांशी बोलला. ही कथा 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. तिथे तो आपली ओळख सांगताना म्हणतो की, मी याच शहरात गमलियेलच्या चरणांशी बसून शिकलो. गमलियेल हा यहुदी धर्मशास्त्राचा नामवंत पंडित. पौल तोवर येशूचा अनुयायी झाला होता, गुरूची वाट सोडून पुष्कळ पुढे आला होता. तरी गुरूचे नाव टाकले नाही. त्या जमावापुढे ते नाव उपयोगाचे होते हेही खरे. पण वाट बदलली म्हणून शिकवणारा परका होत नाही, ही गोष्ट त्यातून पहिल्याच शतकात नोंदली गेली.

शिक्षकाच्या ऋणाविषयीचे पहिले मोठे ख्रिस्ती भाषण मात्र तिसऱ्या शतकातले आहे. त्याची हकीकत आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

काळ्या समुद्राच्या दक्षिणेला पोंतुस नावाचा प्रांत होता. आज तो भाग तुर्कस्तानात येतो. तिथल्या निओकैसरिया गावातला एक मुलगा. मूळ नाव थिओडोर, पुढे ग्रेगरी म्हणून ओळखला गेला. घर ख्रिस्ती नव्हते. चौदाव्या वर्षी वडील वारले. आईने वक्तृत्व शिकायला घातले. लॅटिन शिकवणाऱ्या मास्तरांनी सुचवले की रोमन कायदा शीक, कुठेही पोट भरशील. कायद्याची नामांकित शाळा बैरुतला होती. त्याच सुमारास बहिणीच्या नवऱ्याची नेमणूक पॅलेस्टाईनच्या कैसरिया शहरी, तिथल्या सुभेदाराच्या पदरी झाली. बहिणीला तिच्या नवऱ्याकडे पोचवायला ग्रेगरी आणि त्याचा भाऊ अथेनोडोर निघाले. बहिणीला पोचवायचे आणि जवळच्याच बैरुतला जाऊन कायदा शिकायचा, असा बेत.

कैसरियात त्यांना ओरिजेन भेटला आणि बैरुत राहून गेले.

ओरिजेन हा अलेक्झांड्रियाचा. त्याच्या लहानपणी, इ. स. २०२च्या सुमारास, वडिलांना ख्रिस्ती असल्यावरून ठार मारण्यात आले. आई आणि सहा धाकटी भावंडे यांचा भार या पोरावर पडला. त्याने व्याकरण शिकवून घर चालवले. पुढे धर्मशिक्षणाच्या कामाला वाहून घेतले, तेव्हा आपला ग्रीक ग्रंथांचा संग्रह विकून टाकला आणि घेणाऱ्याकडून रोजचे चार ओबोल घेऊन त्यावर राहू लागला. ओबोल म्हणजे ग्रीकांचे किरकोळ नाणे. पुढे अलेक्झांड्रियाच्या बिशपशी बिनसले आणि तो कैसरियाला येऊन शिकवू लागला.

या दोघा भावांनी त्याच्याजवळ काही वर्षे काढली. निघायची वेळ आली तेव्हा, इ. स. २३८च्या सुमारास, ग्रेगरीने गुरूच्या समक्ष उभे राहून एक लांबलचक भाषण केले. ते मूळ ग्रीकमध्ये आजही उपलब्ध आहे. सुरुवातीला तो म्हणतो की, बोलायची माझी लायकी नाही, पण गप्प राहिलो तर कृतघ्न ठरेन. मग आधी देवाचे आभार मानतो, मग आपल्याला इथवर हात धरून आणणाऱ्या देवदूताचे, आणि मग गुरूचे. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बहिणीचा प्रवास, मेव्हण्याची नोकरी, लॅटिनच्या मास्तरांचा सल्ला या साऱ्या योगायोगांत त्याला एकच हात दिसतो.

त्यानंतर तो गुरूची शिकवण्याची रीत सांगतो. हा भाग कोणाही शिक्षकाने वाचावा. शेतकरी रानटी जमीन हाती घेतो, काटेकुटे उपटतो, नांगरतो, मगच पेरतो. तसे ओरिजेनने आम्हांला आधी प्रश्न विचारून विचारून नांगरले, असे तो म्हणतो. मग तर्क, सृष्टीचे ज्ञान, भूमिती, खगोल. मग नीती, आणि तीही पाठ करून घेऊन नव्हे, गुरूच्या स्वतःच्या वागण्यातून. मग ग्रीक तत्त्वज्ञ. देवच नाकारणारे तेवढे सोडून बाकी सगळ्या पंथांचे ग्रंथ वाचायला लावले. एकाच पंथाला चिकटून बसू नका, सगळे ऐका, असा आग्रह. आणि सर्वांत शेवटी बायबल. शिष्याचे मन गुरूत कसे गुंतले ते सांगताना त्याला दावीद आणि योनाथान यांची मैत्री आठवते. शेवटी निरोपाचे दुःख. नंदनवनातून बाहेर काढलेल्या आदामासारखे, बाबेलला कैद करून नेलेल्या यहुद्यांसारखे आपण निघालो आहोत, असे तो म्हणतो. पण रिकाम्या हाताने नव्हे. तुमच्याकडची बियाणी घेऊन निघालो आहोत, पीक आले तर घेऊन येऊ. आता उठा आणि आमच्यासाठी प्रार्थना करा.

पुढे काय झाले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. ग्रेगरी गावी परतला, तिथला बिशप झाला. चमत्कार करणारा म्हणून लोक त्याला मानू लागले. आज तो संत आहे, १७ नोव्हेंबर हा त्याचा सणाचा दिवस. गुरूच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. इ. स. २५०च्या छळात म्हाताऱ्या ओरिजेनला तुरुंगात हालहाल सोसावे लागले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तो गेला. मेल्यावर तीनशे वर्षांनी, ५५३च्या धर्मसभेच्या वेळी त्याच्या काही मतांवरून त्याचा निषेध झाला. त्याच्या अफाट लेखनातले पुष्कळसे नष्ट झाले. शिष्य संत झाला, गुरू झाला नाही. पण ओरिजेन वर्गात कसा शिकवीत असे हे आज जगाला कळते, ते शिष्याने त्या दिवशी उभे राहून बोलून दाखवले म्हणून.

ओरिजेनने या शिष्याला लिहिलेले एक पत्रही शिल्लक आहे. त्यात तो म्हणतो की, इस्राएल लोकांनी मिसर देश सोडताना मिसरी लोकांकडून सोने-चांदी मागून घेतली आणि त्यातून देवाच्या पूजेच्या वस्तू घडवल्या. तसे तू ग्रीकांचे तत्त्वज्ञान, भूमिती, खगोल हे सगळे घे आणि ख्रिस्ताच्या कामी लाव. पुढच्या शतकांत ख्रिस्ती पंडितांनी ही उपमा पुष्कळ वापरली. उपमा चांगली आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. सोने घेतले हे खरे, पण ते कोणाचे होते हे सांगायचे की नाही?

या प्रश्नापाशी आले की मला आपले राशोल आठवते.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला आणि १६१९ साली इथेच वारला. मधली चाळीस वर्षे बहुतेक सासष्टीत गेली. १६१६ साली राशोलला त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. मराठीवरचे त्याचे प्रेम आणि तिची त्याने केलेली थोरवी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, त्याविषयी नव्याने सांगायला नको. पण त्या पुराणाच्या मांडणीकडे एकदा या नजरेने पाहा. तिथे एक ब्राह्मण विचारतो आणि पाद्री गुरू सांगतो. पुराणात पाद्री गुरू आणि ब्राह्मण शिष्य आहे. भाषेच्या शाळेत मात्र नेमके उलटे झाले असले पाहिजे. ओवी विल्टशायरमध्ये उगवत नाही. साडेतीन चरणांची ती चाल, तो यमकाचा मेळ, पुराणिकाची ती मांडणी, हे सारे या मातीतल्या कुणीतरी त्याला समोर बसवून ऐकवले, चुकले तिथे सुधारले. तेव्हाच परदेशी माणसाच्या हातून अशी रचना उतरते. तो कुणीतरी कोण, हे आपण कधी विचारत नाही. स्टीफन्सचे नाव आपण घेतो, त्याच्या गुरूचे घेत नाही.

आणि काळ कोणता होता? १५६७च्या धर्मसभेने हिंदूंच्या ग्रंथांवर, पुजाऱ्यांवर, सणांवर बंदीचे ठराव केले होते. देवळे पाडली जात होती, देव नदीपार नेले जात होते. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड गावकऱ्यांवर घेतला गेला. त्याच दिवसांत आपल्या पोथ्या पाद्र्यांच्या हाती जात होत्या. काही शिकवण्यातून, काही जबरदस्तीने. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कथांची रोमी लिपीत उतरून घेतलेली हस्तलिखिते आहेत. ती आपल्याच मुलखातून गेली. ते मिसरचे सोने होते. सोने जपले गेले हे आपले भाग्य, पण ज्यांनी सांगितले त्यांची नावे त्याबरोबर गेली नाहीत.

हे मी कुणाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. स्टीफन्सने मराठीला जे दिले ते आपण विसरू नये. पण ओरिजेनच्या पत्रातली अडचण इथे प्रत्यक्ष दिसते. ख्रिस्ती परंपरेच्या स्वतःच्या मापाने पाहिले, पौलाच्या आणि ग्रेगरीच्या मापाने, तर इथे एक साक्ष द्यायची राहून गेली आहे.

दोनशे वर्षांनी दुसऱ्या एका ख्रिस्ती माणसाने ती रीत पाळली, हेही सांगितले पाहिजे. विल्यम कॅरी हा इंग्लंडातला चांभारकाम करणारा माणूस बॅप्टिस्ट मिशनरी होऊन १७९३ साली बंगालला आला. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकवू लागला. १८०५ साली त्याने मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले, १८१०मध्ये कोश. हे तो मराठी मुलखात न राहता करीत होता. त्याला आधार होता कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांचा. व्याकरणाच्या प्रस्तावनेत कॅरीने त्यांचे नाव घेऊन साहाय्य मान्य केले. वैजनाथांच्या हातची 'सिंहासन बत्तिशी' १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मोडी लिपीत बाहेर आली आणि मराठीच्या आरंभीच्या छापील गद्य पुस्तकांत ती गणली जाते. प्रस्तावनेतली ओळ म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. पण त्या एका ओळीमुळे वैजनाथ पंडित आपल्याला नावाने ठाऊक आहेत. राशोलचा तो कुणीतरी मात्र 'कुणीतरी'च राहिला.

आता पुन्हा माजोर्ड्याला येऊ. गोव्यात इगर्जीबरोबर शाळा आली आणि त्या शाळेत संगीत आले. तिथे शिकवणारा तो 'मेस्त्रे'. पोरांना तो आधी सोल्फा घोटवून घेई, मग स्वर वाचायला लावी, मग हातात व्हायोलिन देई. रविवारच्या मीसला त्याचीच पोरे गात. पगार बेताचा, मान गावापुरता. या मेस्त्रेंच्या हाताखालून निघालेली पोरे मुंबईला गेली, पलटणींच्या आणि पोलिसांच्या बँडात शिरली, सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतली मोठी नावे. ज्या गाण्यांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांच्या पाठीमागचे वाद्यमेळ यांनी रचले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली. आणि ज्या मेस्त्रेंनी त्यांना पहिला सूर शिकवला, त्यांची तर कुठेच नाहीत.

अँथनी गोन्साल्विस यांचे नाव तेवढे राहिले, कारण एका शिष्याने ते बोलून दाखवले. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परत आल्यावर चित्रपटांपासून दूर, माजोर्ड्याला राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी ते गेले. त्यांना पाहिलेलेही नसतील अशी लाखो माणसे तोवर त्यांचे नाव गुणगुणत होती.

ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला मेलेल्यांसाठी प्रार्थना होते, दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. त्या दिवशी आईवडिलांबरोबर आपल्या शिक्षकाचेही नाव देवापुढे घेता येते. ग्रेगरीच्या भाषणातला तो जुनाच क्रम, आधी देव, मग देवाने धाडलेला माणूस. आपल्याकडे गुरुपौर्णिमा आहे, ५ सप्टेंबर आहे. ५ सप्टेंबरला आपण शिक्षकांना फुले देतो, भाषणे करतो, आणि त्या भाषणांत बहुतेक वेळा 'शिक्षक' असतो, अमुक एक शिक्षक नसतो.

म्हणून मला एवढेच सुचवावेसे वाटते. ज्यांनी तुम्हांला पहिले अक्षर, पहिला राग, पहिला हिशोब, पहिले इंग्रजी वाक्य शिकवले, त्यांचे नाव यंदा घरात मुला-नातवंडांसमोर घ्या. नुसते नाव नको, ते कसे शिकवीत तेही सांगा, ग्रेगरीने सांगितले तसे. ते भट असोत, मेस्त्रे असोत, मराठी शाळेतले मास्तर असोत की कॉन्व्हेंटातली सिस्टर. पुष्कळ गोमंतकीय घरांत हे नाव दुसऱ्या धर्माचे निघेल. तसे निघाले तर जरा मोठ्याने घ्या.

आणि कधी राशोलला गेलात, तर नदीकाठी घडीभर थांबून त्या एका बिननावाच्या मराठी पंतोजींचीही आठवण काढा. स्टीफन्सच्या वतीने ती आपणच काढायची आहे.